अठरा उन्हाळ्यांचा गॅस

गावात वीज नवी होती, तेव्हा दवाखान्यात एक फ्रीज आला. बाळांच्या लसी तो जिवापाड जपायचा. दर उन्हाळ्यात त्याचा गारवा सरायचा आणि इलाही मिस्त्री गळती न शोधता नुसता गॅस भरून जायचा.

अठरा वर्षांनी सरकारने तो गॅस बंद केला. उरलेला काढून न्यायला मिस्त्रीने रिकामी टाकी आणली.

"टाकीबाई, माझं काय चुकलं?" फ्रीजने विचारलं.

"हा गॅस हवेत सुटला की आभाळाचं पांघरूण विरतं, दादा. मग विखारी ऊन बाळांनाच भाजून काढतं."

"मग सगळा घे. फुंकरभरही सुटू देऊ नकोस."

टाकीने ओढून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "दादा, तुझ्यात काहीच उरलेलं नाही."

फ्रीजला अठरा उन्हाळे आठवले. पहिल्यांदाच त्याने खिडकीतून आभाळाकडे पाहिलं.