सरदारांचा वार

शनीच्या देवळापुढची रांग पाहून रायाजीराव सरदारांना पोटशूळ उठला. गावाला पंचांग सांगणाऱ्या विसोबा जोशांना बोलावून ते गरजले, "शनीच्या नावावरून शनिवार, मग आमच्या नावाचा वार का नको? उद्यापासून शनिवारला रायाजीवार म्हणायचं. नाहीतर गाव सोडा!"

या वयात बिऱ्हाड कुठं हलवायचं? विसोबांनी हात जोडले. "म्हणतो, सरकार. फारसं काही बदलावंही लागणार नाही. लोक शनीला तेल वाहतात, ते 'बाबा रे, आमच्या घराकडं फिरकू नकोस' म्हणून. आपली स्वारी निघाली की गावोगाव हेच मागणं चालू असतं. आपल्या डोक्यावर तेल ओतायचं तेवढं राहिलंय."

सरदारांनी घाईघाईनं पागोटं सावरलं. शनिवार शनीकडंच राहिला.