सात लाल गोळे

"म्हणजे चुकीला चूक म्हणायचंच नाही का, नानाजी?"

मठाच्या ओसरीवर प्राध्यापक हेर्लेकरांचा आवाज जरा जास्तच चढला. सव्वीस वर्षं बोर्डाचे इंग्रजीचे पेपर तपासलेला माणूस तो. निवृत्त झाले तरी खिशातलं लाल पेन सुटलं नव्हतं, आणि जोडीला एक वही. कोण 'डिस्कस अबाउट' म्हणालं, कोणी 'रिव्हर्ट बॅक' लिहिलं, कोणाला साधी कांदाभजीसुद्धा 'अमेझिंग' वाटली, सगळं तारीखवार.

नानाजी सुपात शेंगा सोलत होते. वय नव्वदीच्या घरात. मठात येण्यापूर्वी त्यांनी आयुष्यभर पोस्टात तारा घेतल्या होत्या.

"म्हणा की. कोणाला म्हणालात?"

"मुलाला. सौमित्रला. उद्या सांगलीला त्याच्या मुलीचं बारसं आहे. आमंत्रण केलं इंग्रजीत, धाडलं मोबाइलवर. मी ते छापून घेतलं, चुकांना लाल गोळे केले, दहापैकी चार गुण दिले आणि फोटो काढून घरच्या ग्रुपवर परत टाकलं."

"मग?"

"तो ग्रुप सोडून गेला. पाच दिवस झाले, फोन नाही..."

सरांनी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता. पहिली नात, आणि आजोबांनी अजून तिला पाहिलंही नव्हतं.

"चुका किती होत्या?"

"सात!" सरांना एकदम तरतरी आली. त्यांनी बोटांवर मोजत सातही चुका घडाघडा म्हणून दाखवल्या. एक अव्यय इकडचं तिकडे झालं नाही.

"वा," नानाजी म्हणाले. "तुम्हाला एक तार सांगतो. एकाहत्तरच्या लढाईतली. वाडीवरच्या पारूबाईचा मुलगा बेपत्ता होता. महिनाभर म्हातारीच्या घरात धड चूल पेटली नव्हती. एका दुपारी तार आली. 'सन सेफ कमिंग होम.'"

"क्रियापद अर्धं," सर म्हणाले.

"नावाचं स्पेलिंगसुद्धा चुकलेलं. आणि तार वाटणारा शिपाई रजेवर."

"मग काय केलंत?"

"धोतर खोचलं आणि पळालो. चार मैल."

नानाजींनी पुढची शेंग फोडली.

"बारसं किती वाजता आहे, सर?"

सर वहीची पानं चाळू लागले.

"किती वाजता?"

सरांनी आठवून पाहिलं. तिसरी चूक आठवली, पाचवी आठवली. वेळ काही आठवेना. गडबडीने त्यांनी मोबाइल काढला. अकरा वाजता. ते पुढे वाचत गेले, आणि शेवटच्या ओळीवर थांबले. सातवा गोळा. सगळ्यांत मोठा.

'विदाउट माय फादर, वी विल नॉट कीप द नेम.'

बाबा आल्याशिवाय आम्ही नाव ठेवणार नाही.

शेजारी त्यांच्याच हाताचा शेरा होता, 'हे इंग्रजी आहे की मराठी?' गोळा पाच दिवसांपूर्वीच करून झाला होता. ओळ मात्र त्यांनी आज वाचली.

"पोरानं... पोरानं माझ्यासाठी..."

नानाजींनी सूप थोडं बाजूला सरकवलं.

सरांनी नंबर लावला. बराच वेळ घंटी वाजत राहिली.

"हॅलो." आवाज कोरडा होता.

मुलाशी सर जन्मभर इंग्रजीतच बोलत आले होते, आणि आजही जिभेवर तीच आली. पण आयुष्यभराचं व्याकरण कुठच्या कुठे गेलं.

"आय कम! सौमित्र, टुमारो आय ॲम कम! यू वेट! नो नेम... आय कम!"



मग मुलगा हळूच म्हणाला, "'आय ॲम कमिंग', बाबा."

"हो रे! तेच! तेच!" सर ओरडले. ओसरीवरची कबुतरं उडाली.

पलीकडे सौमित्र हसायला लागला. हसता हसता त्याचा आवाज कापला. "दहापैकी किती देऊ, बाबा?"

"शून्य दे! भोपळा दे मला!" सरांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ते खदखदून हसत होते. तेवढ्यात मागून बाळाने भोकाड पसरलं. सरांनी फोन कानाशी घट्ट धरला. असं रडणं त्यांनी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं.

फोन ठेवला तेव्हा पावणेचार झाले होते. टेकडीखालून सांगलीची गाडी चारला सुटायची. सर तरातरा पायरीपर्यंत गेले, चपला उलट्या घातल्या, आणि पुन्हा वळले. हातात वही होती.

"नानाजी, एवढं सांगा. या वहीचं आता काय करू?"

नानाजींनी सरांच्या कडक इस्त्रीच्या पँटकडे एकवार पाहिलं.

"सर, धोतर खोचा."