पिंपावरचा मेव्हना

राजानं डुकरावर बंदूक झाडली आन् गोळी राजाच्याच पायाम्होरं पडली!

नळीतनं फुस्स करून धूर निघाला, गोळी घरंगळली, डुकरानं मागं वळून बगितलं आन् निवांत उसात गेलं. शेजारच्या राज्याचं पाव्हनं संगं हुतं. त्येंनी तोंडाला उपरनं लावलं. खोकला आला म्हनं! समद्यांस्नी एकदमच खोकला!

आता चूक कुनाची? राजाची असती व्हय कदी? बंदूक ठासनारा धोंडजी जवळ उभा हुता, त्येलाच धरला. "सांजच्याला ह्याचा कडेलोट!" झाला इनसाफ. राजाचा इनसाफ लई सोपा असतुया, गरीब मानूस हाताजवळ पायजे फकस्त.

धोंडजीची बायकू हौसा चुलीवरची भाकर तशीच टाकून दरबारात आली. पदर खोचल्याला, हात पिठाचं.

"सरकार, माज्या मालकानं बंदूक नीटच ठासली. दारूच मेल्याली हाय! दादूमियाची दारू हुती तवर भडकन पेटायची आन् गोळी डोंगूर वलांडायची. ही नवी दारू वल्या शेनीवानी धुमसती. आगीलाच घाई न्हाई, मग गोळीनं कशापाय पळावं?"

समदा दरबार खाली आपापल्या जोड्यांकडं बगाया लागला. कारन नवी दारू पुरवत हुता फत्तेसिंगराव. रानीचा भाऊ, राजाचा मेव्हना! आदी दारू करनाऱ्या म्हाताऱ्या दादूमियाला त्येनंच घरी बसवलं हुतं. बंदुकीच्या दारूतलं रावाला काय कळत हुतं? काय बी न्हाई. पन मेव्हना हुता की! आनि काय पायजे?

राव उसळला. "दाजी, ही बाई माझी अब्रू काढते! माझी दारू त्या म्हाताऱ्याच्या दारूपेक्षा दुप्पट वेगानं जळते. खोटं ठरवून दाखवू दे तिला! फक्त..." त्येनं मिशीवरनं बोट फिरवलं. "पावसाळा तोंडावर आलाय. दारू वाया घालवायची नाही. एक कणही जळता कामा नये."

"बरोबर!" राजा म्हनला. मेव्हन्याचं समदंच बरुबर असतंय. "ऐक बाई. कुणाची दारू लवकर जळते ते सांजेच्या आत दाखव. पण एक कण जरी जळला, तरी नवऱ्यामागोमाग तुझाही कडेलोट!"

बगा डोस्कं! हिरीत उडी मार, पन वली हू नगंस!

हौसा म्हनली, "व्हय सरकार. दोगांच्या दारूचं एकेक पिंप द्या, आन् दादूमियाला बोलवा."

कोठारातनं दोन लहान पिंपं आली. वात बसवाया हौसा ती कोठारामागं घेऊन गेली. माघारी येऊन तिनं तळ्याकाठच्या मैदानात मांडली. दोन्हीला हातभर वात.

"आता ज्येनं त्येनं आपापल्या पिंपावर बसायचं. मी वाती पेटवती."

राजा वरडला, "अगं ए! वात पेटली की दारू जळणारच!"

"न्हाई जळनार. जळली तर कडा हितंच हाय, कुटं पळून जातुया?"

दादूमिया म्हनला, "बेटी, मी तुजं काय वाईट केलं गं?"

"चाचा, तुमी बसा तर!"

म्हातारा बसला. हौसानं चकमक झाडली. ठिनगी अजून हवेत हुती, तवरच दादूमिया उठला! सत्तरीचं गुडघं, पन हरनावानी पळालं. एक जोडा हितं, एक तितं. थेट तळ्यात छातीभर पान्यात जाऊन थांबला.

आन् राव? हौसानं त्येची वात पेटवली, तर ह्यो पायावर पाय टाकून पान चावतुया! बुडाखाली वात सरसरतीया, जवळ येतीया, ह्यो आपला पिचकारी मारतुया. वात बोटभर ऱ्हायली तवा हौसानंच चिमटीत इझवली.

राजा उठून उभा ऱ्हायला. "शाब्बास मेव्हणे! काय छाती! याला म्हणतात धाडस!"

समद्या दरबारानं टाळ्या पिटल्या. लाज कुनाला हुती?

"धाडस न्हवं सरकार, खात्री!" हौसा म्हनली. "दादूमियाला ठावं हाय आपली दारू कशी पेटती. रावसायबांस्नी ठावं हाय आपली पेटतच न्हाई!"

"खोटं!" राव गरजला. "मी आगीला भीत नाही!"

"मग बसा की दादूमियाच्या पिंपावर."

रावाचं पान गालातच अडकलं. "दाजी... मला वाटतं ताईनं मघाशी बोलावलं होतं..."

"बसा!" राजा म्हनला.

राव टेकला. अर्धंच बूड. हौसानं चकमकीकडं हात नेला. नुसता हात! राव असा उधळला की पागोटं पिंपावरच ऱ्हायलं. तळ्यात शिरला, दादूमियाला ढकलून पल्याडच्या काठानं वर निघाला आन् तसाच पळत सुटला!

"बगा सरकार," हौसा म्हनली. "एका पिंपावर पान चावत बसत्यात, दुसऱ्यावरनं तळं पार करत्यात. दोन्ही दारवांत किती अंतर हाय, ते रावसायबांनीच पळून दावलं!"

"आणि माझा कण?" राजानं डोळं वटारलं. "जळला असता तर?"

हौसानं दोन्ही पिंपांची झाकनं उघडली. आत नाचनी!

"तुमची दारू कोठारामागं घोंगड्याखाली झाकून ठिवलीया. घ्या तोलून."

राजा आदी नाचनीकडं बगत ऱ्हायला, मग तळ्याकडं, आन् मग असा हसाया लागला की पोट धरून खाली बसला. धोंडजीच्या बेड्या तितंच तुटल्या. दादूमियाला वलं कापड बदलायच्या आत कोठाराची किल्ली मिळाली, आन् हौसाला तळ्याकाठचं बागायती रान.

डोळं पुसत राजा म्हनला, "बाई, मेव्हण्याची दारू कोठारभर पडली आहे. तिचं काय करू? तुझ्या चुलीला पाठवून देऊ?"

"नगं सरकार!" हौसानं हात जोडलं. "पेटल्याली चूल इझंल!"

पाव्हन्यांस्नी परत खोकला आला. या बारीला राजालाबी आला!