म्हशीनं नेमलेलं मैदान

टेंबवड्याचा माळ बघायला आलेला नवखा माणूस हटकून एक चप्पल चिखलात सोडून येतो. भर चैत्रात चहूकडं मुरूम तापलेला असतो, गवताची काडी दिसत नाही, आणि मैदानाच्या बरोबर मध्यावर, जिथून चेंडू सुटायचा, तिथंच पाय घोट्यापर्यंत आत जातो. शहरातून समितीची माणसं येतात, बूट उपसून काढतात आणि एकच विचारतात. फायनल जिल्ह्याच्या मोठ्या मैदानात होते, तिथं हिरवळ आहे, बसायला पायऱ्या आहेत, मग टेंबजाई चषकाची सेमीफायनलच तेवढी या डबक्यात का?

त्यांना आधी सोपं उत्तर मिळतं. फायनलचं मैदान सेमीफायनललाच तुडवून झालं, तर फायनलला गेलेल्याला नवं काय मिळालं? नवरदेवानं साखरपुड्यालाच मुंडावळ्या बांधून बसण्यातली गत. समितीची माणसं मान डोलावतात आणि कागदावर काहीतरी लिहितात. काय लिहितात ते दाखवत नाहीत, म्हणून मग त्यांना खरं कारण सांगावं लागतं. खरं कारण म्हैस आहे.

असं सांगतात, म्हणजे वरल्या पेठेत असं सांगतात. खालच्या पेठेत जरा निराळं सांगतात. पाहुण्यांनी येताना चहा कुठं घेतला यावर पुष्कळ अवलंबून आहे.

त्या काळी टेंबवड्याच्या दोन पेठा आणि दोन तालमी. तालीम कुस्तीची, पण पोरं तांबड्या मातीतून उठून केव्हाच फुटबॉलच्या चेंडूमागं लागली होती. वरली तालीम देवळाच्या टेकावर. तिचं मैदान असं उतरतं की चेंडू नुसता ठेवला तरी पाहुण्यांच्या गोलाकडं निघायचा. खालची तालीम नदीकाठी. तिथली माती काळी, आणि सामन्याच्या दिवशी नेमकी पाहुण्यांच्या बाजूलाच ओली. पाट फुटला, असं खालचे दरवर्षी सांगायचे. दरवर्षी सेमीफायनलला या दोघांचीच गाठ पडायची, आणि कुणाच्या मैदानात खेळायचं त्याच्या चिठ्ठ्या देवळात उचलायच्या. मग एक चिठ्ठी जाड होती, एकीला तुपाचा वास होता, उचलणाऱ्या पोरीची मावशी अमक्या पेठेतली होती, अशी चर्चा पुढच्या यात्रेपर्यंत पुरायची.

या सगळ्यात पंच होता दौलू चौगले. राहायला वरल्या पेठेत, पण लेक हौसा दिलेली खालच्या पेठेत, मगदुमांच्या बंडाला. बंडा म्हणजे खालच्या तालमीचा गोलकीपर. म्हणजे वरल्यांना वाटायचं दौलू जावयाचा, खालच्यांना वाटायचं दौलू पेठेचा. दोन्हीकडून सारखाच संशय, म्हणूनच तर शिट्टी त्याच्याकडं. दुसऱ्या कुणावर इतका बरोबरीचा संशय नव्हता.

एका वर्षी चिठ्ठी वरल्यांची निघाली, सामना टेकावर झाला, आणि अगदी शेवटाला दौलूनं खालच्यांविरुद्ध पेनल्टी दिली. उतारावरची पेनल्टी. बंडा डावीकडं झेपावला, चेंडू सावकाश उजवीकडून घरंगळत आत गेला. खालचे हरले. बंडा घरी येऊन जेवला नाही. त्याची आई गोदाबाई मात्र व्यवस्थित जेवली, हात धुतले, आणि सुनेच्या हातात तिचं लुगड्याचं गाठोडं दिलं.

"तुझ्या बानं पोराची मान खाली घालवली," ती म्हणाली. "त्याची शिट्टी सरळ वाजंपतूर तिकडंच ऱ्हा."

हौसा माहेरी आली. दौलूला वाटलं, चार दिवसांचा राग असेल. दिवाळी गेली, संक्रांत गेली. बंडा बाजारात दिसला की दुसऱ्या आळीत वळायचा. माहेरी तरी सुख होतं म्हणावं, तर पाणवठ्यावर वरल्या पेठेच्या बाया तिच्यासमोर गप्प व्हायच्या. काय सांगावं, खालच्या गोलकीपरची बायको, ऐकून तिकडं सांगायची. हौसा घागर भरायची आणि यायची. दौलूला ते टोचायचं.

पुन्हा सेमीफायनल आली. आता सामना टेकावर नेला तर लेक कायमची घरात बसते. नदीकाठी नेला तर वरली पेठ म्हणणार, जावयासाठी विकला. दौलू टेंबजाईच्या देवळात गेला आणि त्यानं गळ्यातली शिट्टी काढून दीपमाळेला टांगली. दोन्ही पेठांना जिच्याबद्दल शंका येणार नाही अशी जागा मिळेपर्यंत शिट्टी तोंडाला लावणार नाही, असा त्यानं नवस केला म्हणे. देवी हसली असेल. टेंबवड्यात तिच्याबद्दलही शंका होती, कारण देऊळ वरल्या पेठेत.

मग जुन्या माणसांनी तोड काढली. देवळं जशी बसली, तसं मैदान बसवायचं. जनावर मोकळं सोडायचं, ते बसेल तिथं देवीची मर्जी. गाय नको, देवळातली गाय वरल्यांची. बैल नको, बैल खालच्यांच्या वावरात राबलेला. शेवटी नदीपल्याडच्या पिराजी गवळ्याची म्हैस ठरली. मोरणी तिचं नाव. पिराजीला चेंडू कशाशी खातात ते माहीत नव्हतं, आणि मोरणीलाही नसावं असं धरलं. सोडायच्या दिवसापर्यंत तिला गावाबाहेर चिंचेखाली बांधली, आणि राखणीला दोन्ही पेठांचा एकेक माणूस बसवला. ते दोघे एकमेकांवर इतकी कडक नजर ठेवून बसले, की म्हशीकडं बघायला कुणी उरलं नाही.

आता आमच्या भागात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवतात, शिंगं रंगवतात, आणि धन्याच्या एका हाळीवर म्हैस गर्दीतून धावत सुटते. ती सवय लावायची विद्या घराघरात. तेव्हा जे व्हायचं तेच झालं. दुपारी राखणदारांचे डोळे जड झाले की वरल्या तालमीची पोरं यायची, मोरणीला हळूच टेकावर न्यायची, "हुर्रर्र" म्हणून हाळी द्यायची आणि सरकी पेंड चारायची. ती परतली की खालची पोरं यायची, नदीकाठी न्यायची, "हैयोऽ" म्हणायची आणि उसाचं वाढं नि गूळ द्यायची. आपल्याशिवाय हे कुणाला सुचेल असं दोघांनाही वाटलं नाही. एरवी एकमेकांवर एवढा संशय घेणारी माणसं, नेमकी इथंच विश्वासानं वागली.

म्हैस सोडायच्या सकाळी दौलू चिंचेपाशी उभा होता. त्याला बंडाच्या बोटांना गुळाच्या मुंग्या लागलेल्या दिसल्या. त्याच्या स्वतःच्या पुतण्याच्या धोतराला पेंडीची भुकटी दिसली. मग त्यानं मोरणीकडं नीट बघितलं. आलेली तेव्हा बरगड्या दिसत होत्या, आता पोट दोन्हीकडं सारखं फुगलेलं. दौलूनं मनाशी तोलून बघितलं. एकानं लबाडी केली तर अन्याय. दोघांनी तेवढीच केली तर कुणाचं काय बिघडलं? तो गप्प राहिला. पण म्हशीला पेंड जास्त आवडते की गूळ, हे त्याला माहीत नव्हतं, आणि लेकीचा संसार त्यावर टांगला होता.

पिराजीनं दावं सोडलं. टेकावरून कुणीतरी, सहज खोकल्यासारखं, "हुर्रर्र" केलं. मोरणीनं मान वर केली. नदीकडून "हैयोऽ" आलं. मोरणीनं मान खाली केली. दोन्हीकडचे पुढारी एकमेकांकडं बघायला लागले, आणि मग काय झालंय ते सगळ्या गावाला एकदमच कळलं. लाजायलाही वेळ नव्हता. दोन्हीकडून उघड हाळ्या सुरू झाल्या. मोरणीनं हे पाऊल टाकलं, ते मागं घेतलं, आणि शेवटी दोन्ही पेठांकडं शेपूट करून सरळ मधल्या माळावर चालत गेली. तिथं उतारात झऱ्याच्या पाझराचं एक डबकं होतं. ती त्यात उतरली, चारी पाय दुमडले आणि डोळे मिटले. काही म्हणतात देवीनं बसवली. काही म्हणतात इतकी सरकी, वर इतका गूळ, असं खाल्लेल्या म्हशीला चिखलाशिवाय दुसरं काय सुचणार. दोन्ही खरं असायला हरकत नाही.

पण काम तिथंच अडलं. मध्याची काठी रोवल्याशिवाय जागा पक्की होत नाही, आणि काठी रोवणार कोण? वरला माणूस रोवेल तर दोन हात वर सरकवेल. खालचा खाली सरकवेल. पिराजी खालच्या पेठेला दूध घालतो, तो नको. गुरव तर नकोच. दौलूचं नाव निघालं तेव्हा दोन्ही बाजू एकदम हसल्या, आणि त्या दिवशी एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचं एकमत झालं. ऊन चढलं. म्हैस उठली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि वरली पोरं आशेनं पुन्हा हळूच "हुर्रर्र" म्हणायला लागली.

तेव्हा हौसा बायकांतून पुढं आली. लुगड्याचा काचा खोचला आणि बापाच्या हातातून काठी घेतली.

"हौसे, मागं हो," दौलू म्हणाला. "तुला नावं ठेवतील."

"ठेवल्यालीच हाईत की, आबा." ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "सासरी म्हनत्यात, ही वरल्यांची. हितं पाणवठ्यावर म्हनत्यात, ही खालच्यांची. म्हंजे मी कुनाचीच न्हाई. ही जागा बी कुनाचीच न्हाई. आता हितं कुनाला शंका असंल, त्यानं बोलावं."

दोन्ही पेठांनी बराच विचार केला. शंका काढायची म्हणजे ती समोरच्यांची असं म्हणावं लागणार, आणि समोरचे लगेच ती तुमचीच म्हणणार. दोन्हीकडं पंचाईत. हौसानं चिखलात उतरून मोरणीच्या शिंगाशेजारी काठी रोवली, दोन्ही हातांनी, अंगाचा सगळा भार देऊन.

दौलू देवळात गेला आणि दीपमाळेवरची शिट्टी घेऊन आला. सामना त्याच माळावर झाला. चेंडू मध्यावर आला की चिखलात रुतून बसायचा, त्यामुळं उताराचाही उपयोग नाही आणि पाटाचाही. कोण जिंकलं ते विचारू नका, दोन्ही पेठांत निरनिराळं सांगतात. एवढंच नक्की सांगतात की सामना संपल्यावर गोदाबाई मैदान ओलांडून आली, सुनेच्या चिखलानं भरलेल्या पायांकडं बघत उभी राहिली, आणि म्हणाली, "चल. म्हस दुधाला आलीया, मला एकटीला धारा आवरत न्हाईत." बंडानं गाठोडं उचललं.

समितीनं सेमीफायनललाही ते मोठं मैदान जरूर द्यावं. फक्त एक अडचण सांगायची राहिली. आजही सेमीफायनलच्या सकाळी मोरणीच्या वंशातली म्हैस माळावर येते, दोन्ही तालमी तिला एकमेकांसमोर, एकाच पाटीतून चारतात, आणि मध्याची काठी एका पेठेची लेक नि दुसऱ्या पेठेची सून असलेली बाईच रोवते. ती सासरहून, सासूच्या बरोबर चालत यावी लागते. माहेरी बसलेली असेल तर दुसरी बाजू लगेच म्हणते, ही फितवली, आणि सामना रद्द. म्हणून आजही टेंबवड्यात सुनेला कुणी माहेरी हाकलत नाही. माया आहे असं समजू नका. घरोघर सासवा दारात उभ्या राहून सुनांना हाक मारतात, जेवलीस का विचारतात, आणि समोरच्या पेठेतली सासू काय करते आहे त्यावर डोळा ठेवून असतात.