शाळेच्या ओट्यावर मिठाच्या बरण्या

चपला काढून वर या, पण बरण्यांना धक्का लावू नका. ओट्यावर ही जी रांग दिसते, चिनीमातीच्या, काचेच्या, प्लॅस्टिकच्या, त्या सगळ्या मिठाच्या आहेत. घरटी एक. काल संध्याकाळी आल्या, उद्या पाडव्याला पोरांचं पाटीपूजन झालं की परत जातील. आज खारकोंडात कुठल्याही घरी तुम्हाला मिठाचा कण मिळायचा नाही. तुम्ही एवढ्या लांबून शाळेला खोली बांधून द्यायला आलात आणि आम्ही तुमच्या पानात अळणी आमटी वाढली, राग मानू नका. मी पदाजी ठाकूर, या शाळेचा एकोणतीस वर्षं शिपाई होतो. अळणी जेवणाचा खुलासा पाहुण्यांना करायचं काम अजून माझ्याकडेच आहे.

माझ्या पणजोबाच्या काळी खाडीच्या या बाजूला मिठागरांशिवाय काही नव्हतं. आगरं शेठची, आणि आम्ही सगळे त्याचे मजूर. बायका डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहून रास घालत. त्यांच्यात पोशी नावाची एक होती. तिचा नवरा जहाजावर खलाशी. एकदा त्याचा कागद आला. गावात वाचणारं कुणी नाही. पोशीने कागदाला हळदकुंकू वाहिलं आणि देवामागे ठेवला. महिन्याने देवी टोचणारा सरकारी माणूस आला, त्याने वाचला. नवरा मुंबईच्या इस्पितळात आजारी होता, ताबडतोब बोलावलं होतं. ती पोचली तेव्हा त्याला माती देऊन वीस दिवस झाले होते, असं सांगतात.

परत आल्यावर ती गावकीत उभी राहिली. बाई गावकीत बोलत नसे तेव्हा. "मना कागूद वाचता आला असता तं त्याचा तोंड तरी दिसला असता," ती म्हणाली. "माजी पोर कान्ही अशी नाय र्‍हावाची. गावान शाला पायजे."

शाळा हवी हे सगळ्यांना पटलं, पण द्यायला काय होतं? मजुरीशिवाय दर आठवड्याला घरटी पाटीभर मीठ खायला न्यायची मुभा होती, तेवढंच काय ते आमचं. म्हणून गावदेवीपुढे नवस बोलले. शाळेवर कौलं चढेपर्यंत आपल्या वाट्याचं मीठ कुणी घरी न्यायचं नाही. ते मचव्यातून वरच्या गावांत जाईल, बदल्यात वासे येतील, कौलं येतील, येणाऱ्या मास्तरला तांदूळ येईल. तोवर जेवणात मीठ नाही, लोणचं नाही, सुकी मासळी नाही. शेठने पडक्या वखारीचा चौथरा दिला, पण बजावून ठेवलं, की माझ्या राशीतला खडा जरी हलला तरी मुभा बंद आणि शाळाही बंद.

मार्गशीर्षात नवस सुरू झाला. उन्हात दिवसभर घाम गाळणाऱ्या माणसांनी मीठ सोडलं. ही चूक आमच्यासारखे मीठवालेच करू जाणे. ज्याचं पिकतं त्याला त्याची किंमत नसते म्हणतात, ते खोटं नाही.

पौष गेला, माघ गेला. भिंती उभ्या राहिल्या. फाल्गुनात ऊन चढलं तशा पोशीच्या पोटऱ्या वळायला लागल्या. ती दोरीने बांधून घ्यायची आणि पाटी उचलायची. कुणी म्हणालं, तू घरी बस. ती म्हणाली म्हणे, "कौलां चढली का बसन. मंग पोटभर मीठ खान."

फाल्गुनी अमावस्येला मोठी भरती येते. त्या भरतीवर कौलांचा मचवा खाडीत शिरला. सगळे तिकडे बघत होते आणि पोशी पाटीसकट खाली कोसळली. ओकायला लागली, बरळायला लागली, नवऱ्याला हाका मारायला लागली. ऊन लागलं असं धरून लोकांनी तिला राशीच्या सावलीत टेकवलं आणि पाणी पाजलं. तांब्यावर तांब्या. ती जितकी तडफडली तितकं जास्त पाजलं. हाताशी दुसरं होतं काय? दिवस मावळायच्या आत, मिठाच्या राशीवर डोकं ठेवून ती गेली.

दुसऱ्या दिवशी पाडवा. गावाने जड हातांनी कौलं चढवली. शाळा उघडली, पण कान्ही सुतकात होती.

दहाव्याला खाडीकाठी पिंड मांडले. कावळे झाडावर बसून राहिले, एकही खाली उतरेना. कान्हीला शिकवू म्हणून शब्द दिला, तिचं लग्न गाव करील म्हणून दिला. कावळे हलेनात. नवे मास्तर तिथेच उभे होते. त्यांनी विचारलं, बाई गेली कशाने? लोकांनी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं आणि खाली मान घालून म्हणाले, "घामाबरोबर अंगातलं मीठ जातं. नुसतं पाणी पाजून उरलंसुरलं धुऊन निघालं. चिमूटभर मीठ पोटात गेलं असतं तर वाचली असती."

मग माझा पणजोबा हाशा पुढे झाला. "मी मीठ खाल्ला," तो म्हणाला. "पयल्याच हप्त्यान. मिठाच्या कोंडीन बोट बुडवून चाटायचू." त्याच्यामागून दुसरा बोलला, तिसरा बोलला, मग बायका बोलल्या. सगळ्या गावाने चोरून बोट चाटलं होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की नवस मोडणारा आपण एकटाच. पाळला तो एकट्या पोशीने. पणजोबाने बोट चाटलं म्हणून मी आज तुमच्यापुढे बसलोय, हे मला लहानपणापासून माहीत आहे, आणि ते सुखाचं नाही.

तेव्हा सात वर्षांची कान्ही उठली. शेठच्या राशीपाशी गेली, शेठच्या माणसादेखत एक खडा उचलला. त्याने अडवलं नाही. परत येऊन तिने तो पिंडावर ठेवला आणि म्हणाली, "आये, कौलां चढली. आता खा."

कावळा उतरला, असं सांगतात.

तुमच्या खोलीवर तुम्ही तुमच्या नावाची फरशी बसवा, आमची ना नाही. पोशीचं नाव इथे कुठे कोरलेलं नाही. आजही पाडव्याच्या आदल्या दिवशी शाळेत एकच धडा असतो. पोरं मीठ-गुळाचं पाणी कालवायला शिकतात आणि मिठागरावर नेऊन मजुरांना पाजतात. गाव मात्र त्या दिवशी अळणी जेवतं.

आणि बरण्या इथे कशाला, असं तुम्ही मघाशी विचारलंत. घरात ठेवून नुसता हात लावला नाही तरी चाललं असतं, हे खरं. पण आजही प्रत्येक घर आपली बरणी आदल्या संध्याकाळी इथे आणून ठेवतं, कारण एका दिवसापुरताही या गावाला स्वतःचा भरवसा वाटत नाही.