सड्यावरचं दोन पायली भात

कोकणात आंबेखोल नावाचं एक लहानसं गाव आहे. एका भाद्रपदात चिंतामणगिरी महाराज तेथे आले आणि गावावरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर, पडक्या धर्मशाळेत राहिले.

त्याच दिवसांत गावात उंदरांनी कहर मांडला. भात पोटरीला आलेलं, आणि रोज सकाळी पाहावं तो शेताचा एखादा तुकडा बुडख्यापासून कापलेला. द्वारका पाष्टे ही विधवा बांधावर उभी राहून उरलेलं पीक नजरेनं जोखी. काल वर्षाचं वाटत होतं, आज जेमतेम सहा महिन्यांचं. घरात म्हातारी सासू, दोन मुली. तिला घास गिळवेना.

ती महाराजांकडे गेली आणि उंदरांचं गाऱ्हाणं सांगितलं. महाराज म्हणाले, "घरात भात किती आहे?"

"कणगीच्या तळाशी दोन पायली."

"ते इथे आणून ओत. उंदीरही भुकेलेच आहेत, बाई."

द्वारकेनं घरी येऊन कणगी रिकामी केली. ती टोपली घेऊन निघाली. वाटेत ओटीवर बसलेले बापूराव खोत तिच्याकडून सारं ऐकून हसले. "द्वारके, उंदरांना जेवण? मग पोरींना काय, बुवाचा अंगारा खायला घालणार?"

ती मान खाली घालून सडा चढली. धर्मशाळेपुढे तिनं भाताची रास ओतली. त्या दिवशी घरात नुसतं अळू शिजलं, आणि दुसऱ्या सकाळी शेताचा आणखी एक तुकडा गेलेला.

"महाराज, माझं चुकलं का?" तिनं रडत विचारलं.

महाराज तिच्याबरोबर खाली आले. दिवस मावळत होता. बांधावर उभे राहून ते हळूच म्हणाले, "चला बाबांनो, पान वाढलंय."

बिळाबिळांतून उंदीर निघाले. द्वारकेच्या पायांजवळून, भाताच्या एकाही ताटाला तोंड न लावता, ते सडा चढून गेले. सगळे पोटभर जेवले; रास मात्र होती तेवढीच राहिली.

खोतांना हे पटेना. कोण गुपचूप भात आणून ओततो ते पाहायला ते तीन दिवस राशीपाशी बसून राहिले. कुणी आलं नाही. उंदीर येत, खाऊन जात, आणि रास तसूभर उतरत नसे. कापणीपर्यंत गावात पुन्हा एक लोंबी तुटली नाही. खोतांचीही नाही.

तीन दिवसांची राखण संपताच, चौथ्या दिवशी, खोतांनी पागोटं काढून महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं.

महाराज म्हणाले, "मी फक्त बोलावलं. जेवू तिनं घातलं."

खोत उठले, आणि साऱ्या गावादेखत द्वारकेपुढे वाकले.