इमारतीआधीची ज्वारी

पाटीवर 'नियोजित संगणक विभाग' असे लिहिले आहे आणि पाटीमागे ज्वारीच्या पेंढ्या पडल्या आहेत, हे पाहून पाहुण्यांना हसू येते. हसा खुशाल. नोकरीला लागलो तेव्हा मीही हसलो होतो. पेंढ्यांच्या मध्ये चुना लावलेल्या खुंट्या दिसतात ना, त्या होणाऱ्या इमारतीच्या कोपऱ्यांच्या आहेत. आमच्या या कृषी आणि अभियांत्रिकी कॉलेजात आधी खुंट्या ठोकतात, मग त्या जागेवर ज्वारी पेरतात, आणि ती निघाल्याशिवाय पायाला कुदळ लावत नाहीत. माझे आडनाव ढगे. अडतीस वर्षे मी इथे मुलांबरोबर मोजणीची साखळी ओढली, त्यामुळे सगळे ढगेमामा म्हणतात. ही हकिकत माझ्या जन्माआधीची. जशी कानावर आली तशी सांगतो.

तेव्हा या माळावर एक दगडी इमारत आणि एक पत्र्याचे वर्कशॉप, एवढेच कॉलेज होते म्हणे. इंजिनिअरिंगची दुसऱ्या वर्षाची मुले वर्कशॉपच्या कोपऱ्यात बसायची आणि घणाच्या आवाजात मास्तरांचे अर्धे बोलणे वाहून जायचे. पुढे तिसरी इमारत मंजूर झाली, पण मार्चअखेर पाया सुरू झाला पाहिजे, नाहीतर मंजुरी रद्द, अशी अट पडली. काम नेवरेकर नावाच्या तरुण प्राध्यापकांकडे आले. माणूस कोकणातला, जांभ्या दगडावर घरे बांधलेला, कामाला वाघ. पावसाळा सरताना त्यांनी ओढ्याकडची जमीन पाहिली. सपाट, काळीभोर आणि पायाखाली घट्ट. त्यांनी तिथे बारा खुंट्या ठोकल्या आणि ते नकाशे काढायला निघून गेले.

आता गंमत अशी, की कॉलेज एक असले तरी शेतीची माणसे आणि इंजिनिअरिंगची माणसे एकमेकांच्या वाटेला जात नसत. चहासुद्धा वेगवेगळा. त्यामुळे त्या तुकड्यात गोजराबाई आपली ज्वारी पेरते हे नेवरेकरांना कोणी सांगितले नाही. गोजराबाई म्हणजे कॉलेजच्या शेतावर रोजाने येणारी बाई. एका दुष्काळात सगळी ज्वारी करपली आणि एकच ओळ हिरवी राहिली, ती तिने हेरली. त्या ओळीची कणसे तिने फडक्यात बांधून ठेवली, पुढच्या वर्षी पेरली, त्यातली चांगली पुन्हा निवडली. अशी नऊ वर्षे. खुंट्या ठोकल्या त्या साली साठवणीच्या बियाण्याला कीड लागली, म्हणून उरलेले सगळे तिने एकदमच पेरून टाकले. खुंट्या दिसल्या, पण मोजणी शिकणाऱ्या पोरांच्या असतील असे समजून ती पेरणीची पाभर त्यांच्या मधून फिरवून गेली.

पौषात नेवरेकर मजूर घेऊन आले, तर खुंट्या ज्वारीत बुडालेल्या. गोजराबाई बांधावर येऊन उभी राहिली. रडली नाही, पाया पडली नाही.

"साहेब, कणसात आत्ता दूध भरतंय. दाणा पक्का झाल्याबिगर त्याचं बी व्हत न्हाई. आन माज्याकडं दुसरं बी न्हाई."

"किती दिवस लागतील?"

"शिमग्यापातुर."

शिमगा मार्चच्या मध्यावर होता. नेवरेकरांनी बोटांवर दिवस मोजले आणि मजूर परत पाठवले. प्रिन्सिपॉल संतापले, तेव्हा त्यांनी नकाशाच्याच पाठीवर लिहून दिले, की काढणी होईपर्यंत इथे कुदळ लागणार नाही आणि मंजुरी गेली तर मीही जाईन. हे लिहिताना त्यांच्या हातात ज्वारीचे कणीस होते असेही सांगतात. कणसाचे मला पटत नाही, कागदाचे पटते. त्यानंतर दोन महिने त्या माणसाला झोप कशी लागली असेल कोण जाणे. इंजिनिअरिंगवाले त्यांना पाटील म्हणून चिडवू लागले.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी काढणी लागली. चार ओळी उपटून झाल्या आणि एका बाईचा पाय गुडघ्यापर्यंत जमिनीत गेला. ज्वारीची ताटे निघाली तशी जमीन उघडी पडली. या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग गेलेली, बरोबर मधल्या भिंतीच्या रेघेवरून. गोजराबाईने हातातले पुरुषभर उंचीचे ताट भेगेत सोडले, ते कणसापर्यंत आत गेले. नेवरेकरांनी खुंट्या मोजल्या. बारापैकी नऊ कलल्या होत्या आणि एक कोपरा तर वीतभर सरकला होता.

ते तिथेच ढेकळांत बसले म्हणे. पौषात पाया घातला असता तर त्या भिंतीखाली साठ मुले बसणार होती.

"ही जमीन अशी फाटते हे तुम्हाला ठाऊक होतं?" त्यांनी विचारले.

"दर उन्हाळ्यात फाटती की. पावसाळ्यात फुगती, उन्हाळ्यात फाटती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलं न्हाई. आमाला वाटलं, एवढं शिकल्यालं साहेब, ठावं असंल."

यावर नेवरेकर हसायला लागले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. जीव वाचल्यावर माणसाचे असेच होते. मग त्यांनी त्या बाईला विचारले, "बाई, मग बांधू कुठं?" तिने वरच्या मुरमाड उताराकडे हात केला. तिकडे ज्वारी धड येत नसे, म्हणून शेतीवाल्यांनी तो सोडून दिला होता. नवे नकाशे चार दिवसांत झाले. मार्चच्या अठ्ठावीस तारखेला पहिला दगड बसला, मंजुरी राहिली, नेवरेकर राहिले आणि गोजराबाईचे बियाणेही राहिले.

पुढे कॉलेज वाढत गेले. प्रयोगशाळा आली, ग्रंथालय आले, यंत्रांची शाळा आली. चौदा इमारती झाल्या. त्या सरळ रांगेत का नाहीत, असे लोक विचारतात. मुरूम जसा वळला तशा त्या वळल्या.

आजही नव्या जागेवर गोजराबाईच्याच वाणाची ज्वारी पेरतात. काढणी शेतीची मुले करतात, खुंट्या इंजिनिअरिंगची मुले मोजतात आणि चहा एकाच किटलीतला पितात. मग शेतावरच्या सगळ्यात जुन्या बाईसमोर इंजिनिअरने उभे राहून विचारायचे असते, "बाई, इथं बांधू का?" ती जमिनीत ताट घालून पाहते. नाही म्हणाली तर जागा बदलते. माझ्या नोकरीत दोनदा बदलली.

या पेंढ्या पाहा, ज्वारी किती खुजी आली आहे. जोमात आली असती तर खाली फाटणारी काळी माती असणार, म्हणून आमचा जीव टांगणीला लागला असता. आज सकाळी आमचे प्रमुख इंजिनिअर, दोन पदव्यांचे गृहस्थ, शेतावरच्या सगळ्यात जुन्या कलावतीबाईंपुढे चप्पल काढून उभे राहिले आणि त्यांनी विचारले. बाईंनी चार ठिकाणी ताट घालून पाहिले. कुठेच बोटभरसुद्धा आत गेले नाही.

"बांधा," त्या म्हणाल्या आणि उरलेल्या पेंढ्या बांधायला गेल्या.